विश्लेषण : जुनी गाडी घेताना भरवसा कशावर ठेवायचा?

नव्या छोट्या गाड्यांवरील जीएसटी कमी झाल्यापासून जुन्या गाड्यांच्या भावाचे गणित बदलले आहे. त्यातच दिल्लीतील स्फोटाच्या तपासात अनेकदा विकली गेलेली गाडी पुढे आल्याने 'नावावर न केलेली गाडी' हा विषय ऐरणीवर आला. अजिंठा, सिल्लोड, सोयगाव परिसरात मका-कपाशीचे पैसे हाती आल्यावर अनेक घरांत येणारी पहिली चारचाकी जुनीच असते. काहींसाठी ती लेणी पाहायला येणाऱ्या पर्यटकांमुळे रोजगाराचेही साधन ठरते. अशा वेळी कंपनीचे नाव आणि मीटरवरचा आकडा यांपेक्षा एक कसोटी महत्त्वाची ठरते. ज्या गाडीचा मागचा इतिहास कागदांवर आणि प्रत्यक्ष तपासता येतो, तीच भरवशाची.

भावाचे गणित कसे बदलले?

२२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यावरील उपकरही गेला. चार मीटरपर्यंत लांबीच्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांना याचा लाभ मिळतो. पेट्रोलच्या छोट्या गाडीवर आधी उपकरासह २९ टक्के कर होता. म्हणजे पूर्वी शोरूममध्ये सहा लाखांना मिळणारी गाडी, कंपनीने पूर्ण सवलत पुढे दिल्यास, साधारण ५१ हजारांनी स्वस्त होते. नवी गाडी स्वस्त झाली की दोन-तीन वर्षे वापरलेल्या तशाच गाडीचा भावही उतरायला हवा. विक्रेता जुन्या शोरूम किमतीवर हिशेब मांडत असेल, तर खरेदीदाराने आजची किंमत समोर ठेवून बोलणी करावीत.

जुन्या गाड्यांवरील कराबाबतही गैरसमज आहेत. जीएसटी परिषदेच्या डिसेंबर २०२४ मधील जैसलमेर येथील बैठकीनंतर जुन्या गाड्यांवर सरसकट १८ टक्के दर लागू झाला. मात्र तो व्यापाऱ्याच्या नफ्यावर असतो. चार लाखांना घेतलेली गाडी साडेचार लाखांना विकली, तर ५० हजारांवर १८ टक्के म्हणजे नऊ हजार रुपये कर बसतो. पूर्ण किमतीवर १८ टक्के मागणाऱ्याला हा हिशेब विचारावा. नोंदणी नसलेल्या घरगुती मालकाकडून थेट गाडी घेतल्यास हा कर लागत नाही.

नाव न बदलल्यास काय होते?

१० नोव्हेंबर २०२५ रोजी दिल्लीत लाल किल्ला मेट्रो स्थानकाजवळ स्फोट झाला. त्यातील गाडी हरियाणा पासिंगची होती आणि एकापेक्षा अधिक वेळा विकली गेली होती. तपास यंत्रणांना नोंदणीकृत मालकापासून सुरुवात करून पुढचा एकेक खरेदीदार शोधावा लागला. गाडी विकून पैसे घेतले, पण आरटीओच्या नोंदीत नाव तसेच राहिले, तर पोलीस पहिल्यांदा कोणाच्या दारात येतात, हे या प्रकरणाने दाखवले.

नुकसानभरपाईबाबत कायदा आणखी स्पष्ट आहे. 'नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये निकाल दिला. त्यातील गाडी अपघातापूर्वी अनेक हातांतून गेली होती. तरीही ज्याच्या नावावर नोंदणी होती, त्यालाच न्यायालयाने मालक मानले आणि भरपाईची जबाबदारी त्याच्यावर टाकली. त्यामुळे ५०० रुपयांच्या बॉण्डवर लिहून दिले, ताबा पावती केली, एवढ्यावर विक्रेता सुटत नाही. खरेदीदाराचीही अडचण होते. गाडी त्याच्या दारात असते, पण कायद्याच्या लेखी ती दुसऱ्याची असते. ती पुढे विकायची किंवा चोरीस गेल्यावर विम्याचा दावा करायचा, तर प्रत्येक ठिकाणी घोडे अडते.

गाडी बघायला जाण्याआधी मोबाइलवर काय तपासता येते?

केंद्र सरकारच्या 'एमपरिवहन' ॲपवर किंवा परिवहन संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक टाकला की नोंदणीची तारीख, इंधन, विमा आणि पीयूसीची मुदत, कर्जाचा बोजा अशी माहिती दिसते. मालकाचे नाव तिथे पूर्ण दिसत नाही. म्हणून मूळ आरसी आणि विक्रेत्याचे ओळखपत्र दोन्ही पाहावे. आरसीवर हा कितवा मालक आहे, तेही कळते. ई-चलन संकेतस्थळावर थकीत दंड तपासावा, नाहीतर आधीच्या मालकाचा दंड नाव बदलताना आडवा येतो. गाडी चोरीची तर नाही, हे पाहण्यासाठी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची वाहन पडताळणीची ऑनलाइन सेवा आहे.

उच्च सुरक्षा नंबर प्लेट, म्हणजेच एचएसआरपी, हाही मुद्दा आहे. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाड्यांना ती बसवण्याची सक्ती राज्य सरकारने केली आणि त्याची मुदत अनेकदा वाढवली. जुनी गाडी घेताना ही प्लेट विक्रेत्याकडूनच बसवून घ्यावी, म्हणजे आरटीओतील पुढची कामे अडणार नाहीत.

कोणत्या वर्षाची गाडी बरी?

नियम कधी बदलले, हे लक्षात ठेवले तर निवड सोपी होते. एप्रिल २०१९ पासून गाड्यांना एबीएस ब्रेक बंधनकारक झाले. जुलै २०१९ पासून चालकाची एअरबॅग, सीटबेल्टची सूचना आणि मागचे पार्किंग सेन्सर आले. एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाली. २०२२ च्या सुरुवातीपासून पुढच्या दोन्ही सीटसाठी एअरबॅग आल्या. त्यामुळे बजेट बसत असेल तर २०१९ च्या उत्तरार्धातील किंवा त्यानंतरची गाडी सुरक्षिततेच्या दृष्टीने उजवी ठरते.

इंधनाचाही विचार हवा. आता पंपांवर २० टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल मिळते. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांचे भाग त्यासाठी योग्य बनवलेले असतात. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यानुसार, जुन्या रचनेच्या चारचाकींचे ॲव्हरेज या पेट्रोलवर सहा-सात टक्क्यांनी घटू शकते. अशा गाडीचे इंधनाचे रबरी पाइप आणि सील मेकॅनिककडून पाहून घ्यावेत. बीएस-६ डिझेल गाडीत धूर गाळणारा फिल्टर असतो. गाडी फक्त गावात, थोड्या अंतरावर फिरणार असेल तर तो तुंबण्याची शक्यता असते. रोज जळगाव किंवा संभाजीनगरची फेरी असेल तरच डिझेल परवडते.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर फेरनोंदणीसाठी तपासणी, शुल्क आणि पर्यावरण कर भरावा लागतो. तेरा-चौदा वर्षांची गाडी स्वस्त वाटते, पण हा खर्च दोन वर्षांत खरेदीदाराच्याच अंगावर येतो.

मीटरवरचा आकडा कितपत खरा?

मीटर मागे फिरवणे अवघड राहिलेले नाही. म्हणून आकड्याची सांगड वापराशी घालावी. अजिंठ्याहून आठवड्यातून एकदा संभाजीनगरला जाऊन-येऊन सुमारे २०० किलोमीटर होतात. म्हणजे एवढ्यानेच वर्षाला दहा हजार किलोमीटर भरतात. आठ वर्षांची गाडी 'फक्त ३५ हजार चाललेली' असेल, तर त्याला पुरावा हवा. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये प्रत्येक वेळी किलोमीटरची नोंद होते. मालकाला सोबत घेऊन ती पाहावी. पॅडलचे रबर गुळगुळीत, स्टिअरिंग घासलेले, चालकाची सीट बसलेली आणि मीटरवर आकडा कमी, ही विसंगती लगेच कळते. टायरवरील चार आकडी तारीखही वाचावी. '२३१९' म्हणजे २०१९ मधील २३ वा आठवडा.

पुरातील किंवा अपघातातील गाडी कशी ओळखावी?

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी आणि पुराने मोठे नुकसान झाले. पाण्यात बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून बाजारात येऊ शकतात. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून पाहावा, शेवटच्या टोकाला गाळाचा डाग राहतो. मॅट उचलून वास घ्यावा. सीटखालच्या बोल्टवरचा गंज, हेडलाइटमधील वाफ, फ्यूज बॉक्समधील माती या खुणा लपवणे कठीण असते. अशा गाडीत वायरिंगचे दुखणे काही महिन्यांनी सुरू होते.

अपघातासाठी दरवाजे आणि बॉनेटच्या फटी दोन्ही बाजूंनी सारख्या आहेत का, बिजागऱ्यांच्या बोल्टला पाना लागल्याच्या खुणा आहेत का, ते पाहावे. सर्व काचांवर एकच कंपनी आणि जवळपास एकच वर्ष असावे. चेसिसवर कोरलेला क्रमांक आरसीशी अक्षर न् अक्षर जुळलाच पाहिजे.

अजिंठा घाट काय सांगतो?

गावातल्या सपाट रस्त्यावर पाच मिनिटे गाडी फिरवून काही कळत नाही. फर्दापूर ते अजिंठा गाव हा घाट जुन्या गाडीची चांगली परीक्षा घेतो. गाडी सकाळी थंड असताना आपल्यासमोर सुरू करायला सांगावी. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते. दाट पांढरा धूर सुरूच राहिला, तर कूलंट इंजिनमध्ये जात असल्याची शंका घ्यावी. घाट चढताना इंजिनचा आवाज वाढतो, पण वेग वाढत नसेल तर क्लच प्लेट संपत आली आहे. चढून आल्यावर तापमानाचा काटा पाहावा. उतरताना ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरत असेल किंवा गाडी एका बाजूला ओढत असेल, तर खर्च समोर आहे. संभाजीनगर-जळगाव महामार्गाचे काम वर्षानुवर्षे रेंगाळले. या रस्त्यावर रोज धावलेल्या गाडीचे सस्पेन्शन आणि बुश आवर्जून तपासावेत. मेकॅनिक आपल्या ओळखीचा असावा, विक्रेत्याने सुचवलेला नको.

पर्यटकांसाठी गाडी घ्यायची असेल तर?

पांढऱ्या नंबर प्लेटच्या खासगी गाडीतून भाडे घेऊन पर्यटक नेणे हा परवान्याच्या नियमांचा भंग आहे. अपघात झाल्यास विमा कंपनी दावा नाकारू शकते आणि भरपाई मालकाच्या डोक्यावर येते. भाड्यासाठी गाडी घ्यायची तर पिवळ्या प्लेटचा परवाना, योग्यता प्रमाणपत्र आणि प्रवासी विमा यांचा खर्च आधीच धरावा.

उलटही घडते. टॅक्सी म्हणून चाललेली गाडी खासगीत बदलून विकली जाते. तसे करणे कायदेशीर आहे, पण भाव टॅक्सीचाच असायला हवा. आरटीओच्या नोंदीत हा बदल दिसतो. कापलेली वेग नियंत्रकाची वायर आणि खूप झिजलेली मागची सीट हीदेखील खूण आहे.

व्यवहार कसा पूर्ण करावा?

मालकी बदलासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. राज्यातल्या राज्यात विक्रेत्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचे असते, तर खरेदीदाराने ३० दिवसांत अर्ज करायचा असतो. कर्ज असेल तर बँकेचे ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ आधी हातात घ्यावा. परराज्यातील गाडीला तिथल्या आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र लागते आणि महाराष्ट्राचा कर वेगळा भरावा लागतो. दिल्ली परिसरात जुन्या गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिकडच्या गाड्या इतर राज्यांत विकल्या जातात. त्यांचा स्वस्त भाव या खर्चासह मोजावा.

डीलरकडून घेताना त्याच्याकडे आरटीओचे अधिकारपत्र आहे का, ते विचारावे. एप्रिल २०२३ पासून लागू नियमांनुसार, मालकाने अधिकृत डीलरकडे गाडी सोपवल्याची ऑनलाइन सूचना दिली की तिची जबाबदारी डीलरवर येते. त्यामुळे गाडी विकणाऱ्यालाही हा मार्ग सुरक्षित आहे. विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्यावा. तृतीय पक्षाचे संरक्षण गाडीबरोबर येते, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा विमा नावावर नसल्यास अडकतो. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याच्याकडेच राहतो, म्हणून हप्ता वाढू शकतो.

इसार देताना रक्कम कमी ठेवावी, ती बँकेतून द्यावी आणि पावतीवर गाडीचा चेसिस क्रमांक लिहून घ्यावा. उरलेल्या रकमेचा काही भाग नाव बदलेपर्यंत रोखून धरण्याची अट सुरुवातीलाच घालावी. प्रामाणिक विक्रेता या अटीला सहसा नाही म्हणत नाही, कारण नाव लवकर बदलण्यात त्याचेही हित असते.