गर्दीची दया

दुसऱ्याचे दुःख पाहून ज्याचे अंतःकरण द्रवत नाही त्यास मनुष्य म्हणावे तरी कसे, असे आपण नेहमी बोलतो, व ते यथार्थच आहे. तथापि जिला आपण दया म्हणून गौरवितो तिचीही कधी कधी परीक्षा घेतली पाहिजे. पाण्यावरील बुडबुड्याप्रमाणे क्षणात उठून क्षणात फुटणारी दयाही जगात आहे. आणि अशा दयेपासून दुःखिताचे हित न होता पुष्कळदा अहितच होते. हा विचार आमच्या मनात ज्या तीन हकीकतींमुळे आला, त्या आमच्या विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवाव्यात एवढाच या लेखाचा हेतू आहे. या तिन्ही हकीकती परदेशातल्या आहेत व तिन्हींत एकेक शाळकरी मुलगा आहे. त्या मुलांची नावे आम्ही मुद्दामच देत नाही. ती जगाने पुरेशी उच्चारली आहेत.

पहिली हकीकत सन २०१७ च्या डिसेंबर महिन्यातील, अमेरिकेच्या टेनेसी राज्यातील आहे. ११ वर्षांच्या एका मुलास शाळेत जेवणाच्या सुटीत सोबती छळीत असत. कोणी अंगावर दूध ओतावे, कोणी कपड्यांत मांसाचे काप कोंबावेत, कोणी पाव फेकून मारावा, असा प्रकार चाले. एके दिवशी आई त्यास घरी नेत असता मोटारीत बसून त्याने रडत रडत हे सर्व सांगितले, आणि मुले असे का वागतात, यात त्यांना मिळते तरी काय, असा प्रश्न केला. आईने ते मोबाइलवर टिपून फेसबुकवर घातले. तो व्हिडिओ दोन कोटींहून अधिक वेळा पाहिला गेला. नामांकित खेळाडूंनी त्या मुलास धीर दिला. क्रिस इव्हान्स या प्रसिद्ध नटाने त्यास आपल्या चित्रपटाच्या पहिल्या खेळाचे निमंत्रण दिले. आणि ओळखदेख नसलेल्या एका गृहस्थाने सुरू केलेल्या वर्गणीत ५०,००० डॉलरांहून अधिक रक्कम जमा झाली.

इतके होते न होते तोच वारे फिरले. त्या बाईच्या फेसबुकच्या पानावरची जुनी छायाचित्रे कोणी शोधून काढली. त्यांत तिच्या घरची मंडळी एक निशाण घेऊन उभी होती. सन १८६१ ते १८६५ या काळात गुलामगिरी टिकविण्याकरिता जी दक्षिणेकडील राज्ये लढली, त्यांचे ते निशाण. कृष्णवर्णीय लोकांच्या अंतःकरणास ते पाहून घरे पडावीत हे स्वाभाविक आहे, आणि आईच्या त्या कृतीचे समर्थन आम्ही मुळीच करीत नाही. परंतु पुढे काय झाले ते पाहा. काल जे त्या मुलाकरिता अश्रू ढाळीत होते त्यांतील पुष्कळांनी आज आपले अश्रू परत मागितले! वर्गणी थांबविण्यात आली, आणि मायलेकरांवर शिव्याशापांचा वर्षाव सुरू झाला. आम्ही विचारतो, निशाण कोणी धरले, म्हणून त्या मुलाच्या अंगावर ओतलेले दूध पुन्हा भांड्यात गेले काय?

दुसरी हकीकत ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन नगराची, सन २०२० च्या फेब्रुवारी महिन्यातील. हाडांच्या जन्मजात विकारामुळे उंची खुंटलेला एक ९ वर्षांचा मुलगा शाळेत होणाऱ्या टवाळीने इतका खचला की, आपण मरून जावे असे तो आक्रंदून म्हणू लागला. हेही त्याच्या आईने टिपले व जगापुढे मांडले. ब्रॅड विल्यम्स नावाचा अमेरिकेतील एक विनोदी नट, जो स्वतः त्याच विकाराचा आहे, त्याने मुलास डिस्नेलँड दाखविण्याकरिता १०,००० डॉलर जमविण्याचे योजिले. जमले साडेचार लाखांहून अधिक. २२ फेब्रुवारी रोजी तेथील मूलनिवासी खेळाडूंच्या रग्बी संघाने त्या बालकास आपल्या अग्रभागी चालवीत मैदानात आणले. हा गौरव चालू असतानाच एक कंडी पिकली की, हा मुलगाच नव्हे. हा १८ वर्षांचा धनवान नट असून लोकांस फसवीत आहे! कंडी निखालस खोटी होती. त्याच्या बालपणीची जुनी चित्रे पाहताच ती खोटी ठरत होती. परंतु पाहण्याची तसदी कोण घेतो? मुलाची आई हे सोंग त्याच्याकडून वठवून घेत आहे असे एका वृत्तपत्रीय लेखिकेनेही सुचविले, व पुढे त्याच वर्षी तिला जाहीर माफी मागावी लागली. त्या कुटुंबाने डिस्नेलँडची सफर नाकारून जमलेला पैसा धर्मादाय संस्थांकडे जावा असे सांगितले, हे येथे नमूद करणे अवश्य आहे.

तिसरी हकीकत सर्वांत दारुण आहे. सीरिया देशातील युद्धातून जीव वाचवून आलेले एक कुटुंब इंग्लंडातील हडर्सफील्ड या गावी राहत होते. सन २०१८ च्या ऑक्टोबर महिन्यात त्या घरच्या १५ वर्षांच्या मुलास शाळेच्या मैदानावर एका सोबत्याने खाली पाडले आणि त्याच्या तोंडावर पाणी ओतले. भोवतालच्यांपैकी कोणीतरी ते टिपले, आणि महिन्याभराने ते देशभर पसरले. लोक हळहळले, दीड लाख पौंडांहून अधिक वर्गणी जमली. तेव्हा टॉमी रॉबिन्सन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका परदेशीयद्वेष्ट्या चळवळ्याने, हा मुलगा निरपराध नाही, हाच शाळेतील इंग्रज मुलींस मारहाण करतो, असा आरोप करणारे दोन व्हिडिओ फेसबुकवर घातले. सुमारे दहा लाख लोकांपर्यंत ते पोहोचले. मुलाच्या घरच्यांस राहते घर सोडावे लागले, व त्याचे शिक्षण अर्ध्यावर राहिले. पुढे खटला झाला. २२ जुलै २०२१ रोजी न्यायमूर्ती निकलिन यांनी ते आरोप सिद्ध झाले नाहीत असा निर्णय देऊन १,००,००० पौंडांची भरपाई देवविली व तेच आरोप पुन्हा करण्यास मनाई केली. ती मनाई मोडल्याबद्दल सन २०२४ च्या ऑक्टोबर महिन्यात त्या गृहस्थास १८ महिन्यांची कैद झाली. न्याय मिळाला खरा. परंतु निकालापर्यंत जवळजवळ तीन वर्षे लोटली होती, आणि शाळेतली गेलेली वर्षे कोणतेही न्यायासन परत देऊ शकत नाही.

आता या तिन्ही हकीकतींत समान धागा कोणता, ते पाहू. कोणी म्हणतील की, आधी जमलेली गर्दी सज्जनांची होती व मागाहून आलेली दुर्जनांची. आम्हांस तसे वाटत नाही. दोन्ही गर्द्यांत पुष्कळसे लोक तेच होते, आणि दोन्ही वेळी त्यांनी एकच गोष्ट केली: पाहिले, क्षणभर खवळले, बोटाने चार अक्षरे लिहिली व पुढे गेले. ज्या वेगाने त्यांनी त्या मुलास डोक्यावर घेतले त्याच वेगाने खाली टाकले. याचे कारण असे की, गर्दीस खरे मूल नको असते. तिला मूर्ती हवी असते. मूर्तीस डाग चालत नाही. मुलाची आई दोषी निघाली, वर्गणीची रक्कम फार मोठी झाली, किंवा कोणी नुसती शंका काढली, की मूर्ती भंगली असे समजून लोक दगड हाती घेतात. परंतु मुलावर झालेला अन्याय हा मुलाच्या निष्कलंकपणावर अवलंबून नसतो. अगदी खोडकर, अगदी हट्टी, अगदी वाईट घरातले मूल जरी असले, तरी त्यास पाडून त्याच्या तोंडावर पाणी ओतणे हा अपराधच होय. यरीहोच्या वाटेवर अर्धमेला पडलेल्या मनुष्यास शोमरोन्याने उचलले, तेव्हा तुझी वर्तणूक कशी, तुझे घराणे कोणते, असे त्याने विचारले नव्हते. त्याने जखमा बांधल्या, त्यास आपल्या जनावरावर बसविले, उतारशाळेत नेले आणि खर्च स्वतःच्या पदरचा केला. त्याने चार लोक जमवून ती जखम कोणास दाखविली नाही.

छळणाऱ्या मुलांविषयीही दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे. सन २०१२ च्या जून महिन्यात न्यूयॉर्क राज्यातील एका शाळेच्या बसमध्ये चार मुलांनी देखरेखीस असलेल्या ६८ वर्षांच्या बाईंस अत्यंत क्रूरपणे हिणविले. बाईंकरिता सात लाख डॉलरांहून अधिक वर्गणी जमली, आणि त्यांनी तीतून १,००,००० डॉलर छळाविरुद्ध कार्य करण्याकरिता दिले, हे स्तुत्यच झाले. शाळेने त्या मुलांस एका वर्षाकरिता दूर केले, तेही योग्यच. परंतु लोकांनी त्या मुलांस ठार मारण्याच्या धमक्या पाठविल्या! बारा-तेरा वर्षांच्या मुलांस दांडगाई वाईट असे शिकविण्याचा हा कोणता मार्ग? हजारांनी मिळून एकास गाठणे हीच जर दांडगाई, तर ती त्या बसमध्ये थांबली नाही. ती बसमधून उतरून जगभर हिंडू लागली.

दुसऱ्यांचे दोष सांगून झाले. आता आमचा सांगतो. काही वर्षांमागे आमच्याच एका वर्गात बोलताना अडखळणारा एक मुलगा होता. तो धडा वाचीत असता कोणी तरी चोरून टिपले, आणि ते वर्गाच्या गटावर सर्वांच्या मोबाइलवर फिरले. आम्हांस कळताच आम्ही संतापलो. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी साऱ्या शाळेसमोर आम्ही त्या मुलास पुढे बोलाविले, त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याच्या धैर्याची वाखाणणी केली, आणि टवाळखोरांची कानउघाडणी केली. मुलांनी टाळ्या वाजविल्या. आम्हांस वाटले, आपण मोठे काम केले. त्यानंतर आठ दिवस तो मुलगा शाळेत आला नाही. एका वर्गास ठाऊक असलेली त्याची व्यथा आम्ही सर्व शाळेस ठाऊक करून दिली होती! अखेर त्यास परत कोणी आणले म्हणाल, तर आमच्या भाषणाने नव्हे. मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी, ज्याचे नाव बक्षिसांच्या यादीत कधीच आले नाही, तो रोज सकाळी वाट वाकडी करून त्याच्या दाराशी सायकल उभी करी आणि “चल रे, उशीर होतोय,” एवढेच म्हणे. नवव्या दिवशी दोघे बरोबर फाटकातून आत आले. त्या दिवशी आम्ही जे शिकलो ते आम्हांस शिक्षणशास्त्राच्या कोणत्याही ग्रंथाने शिकविले नव्हते.

आता कोणी विचारील की, मग आईबापांनी गप्प बसावे काय? मुळीच नाही. आपल्या मुलाचे रडणे जी माता जगापुढे मांडते, तिला आम्ही दोष देण्यास धजत नाही. कारण जवळच्या दारांवर थाप मारून हात दुखल्यावाचून मनुष्य सहसा चव्हाट्यावर जात नाही. यास्तव पहिला जाब आम्हां शिक्षकांसच विचारला पाहिजे. पालक तक्रार घेऊन आले असता “मुलांचे असे चालायचेच” हे वाक्य आमच्या तोंडून किती वेळा निघते? त्या एका वाक्याने आम्ही त्यांस चव्हाट्याची वाट दाखवीत असतो. आपल्या देशात सन २०१५ च्या बालन्याय कायद्याच्या ७४ व्या कलमाने गुन्ह्यास बळी पडलेल्या अथवा त्याची साक्ष देणाऱ्या मुलाची ओळख वृत्तपत्रांतून, मासिकांतून वा चित्रांतून प्रसिद्ध करण्यास मनाई केली आहे. मोडणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. संकटातील मुलांकरिता १०९८ हा दूरध्वनी क्रमांकही आहे. परंतु कायदा व दूरध्वनी ही शेवटची साधने होत. पहिले साधन म्हणजे ऐकून घेणारा मुख्याध्यापक, उठून मधल्या सुटीत पटांगणावर फेरी मारणारा शिक्षक, आणि वर्गातला एक मित्र.

म्हणून, विद्यार्थी बंधुभगिनींनो, तुम्हांस आमचे सांगणे एवढेच आहे. रडणाऱ्या मुलाचे चित्र तुमच्या हाती आले, तर ते पुढे पाठवू नका. टवाळीकरिता तर नाहीच, पण कळवळ्यानेही नाही. दूरदेशीच्या मुलाविषयी आज एक व उद्या दुसरे मत देण्याची घाई करू नका. तुमच्या मताची त्यास गरज नाही. मात्र तुमच्या वर्गात, तुमच्या बाकापासून चार हातांवर, मधल्या सुटीत एकटाच डबा उघडणारा कोणी असेल. हडर्सफील्डच्या त्या मैदानावर एकाने पाडले, दुसऱ्याने टिपले, आणि मग लाखोंनी पाहिले. पाहणारे तर लाखो मिळाले; परंतु त्या घटकेस त्यास पाहणाऱ्यांचा तोटा नव्हता, हात धरून उठविणाऱ्याचा होता. तुम्ही आपला डबा उचला, आणि त्या एकट्या मुलाशेजारी जाऊन बसा. याचे चित्र कोणी काढणार नाही, याची वर्गणी जमणार नाही, आणि म्हणूनच उद्या ते कोणी परत मागणारही नाही.