रिझर्व्हवर गाडी पळवायची सवय नव्या बाईकला का झेपत नाही?

पहाट झाली की पुण्याच्या मार्केट यार्डात दुचाक्यांची गर्दी सुरू होते. कुणाच्या मागच्या सीटवर कोथिंबिरीचं पोतं, कुणाच्या पायाशी टोमॅटोचं क्रेट. माल वेळेत गल्लीत पोहोचला, तरच सकाळचं गिऱ्हाईक सापडतं. या घाईत पेट्रोलचा काटा तळाला गेला असला, तरी ‘येताना बघू’ म्हणत गाडी तशीच दामटली जाते. पंपावर थांबलंच तर ‘शंभरचं टाका’. पेट्रोलने २०२१ मध्ये शंभरी ओलांडली, तेव्हापासून पुण्यात शंभराच्या नोटेत पूर्ण लिटरही येत नाही.

जुन्या गाड्यांमध्ये ही सवय खपून जायची. नव्या गाड्यांमध्ये तिचं बिल काही हजारांत येऊ शकतं. असं का?

स्कूटर आडवी करण्याचा जमाना

आकुर्डीत बनणारी बजाज चेतक बंद पडली, की लोक ती एका बाजूला कलती करायचे आणि किक मारायचे. गाडी चालू व्हायची. यात जादू नव्हती. त्या काळी टाकीतलं पेट्रोल वरून खाली, स्वतःच्या वजनाने कार्ब्युरेटरमध्ये उतरायचं. गाडी कलती केली, की कोपऱ्यात उरलेलं पेट्रोल नळीपर्यंत यायचं. पेट्रोल संपलं तरी इंजिन फक्त बंद पडायचं. कॉक ‘रिझर्व्ह’वर फिरवला, की विषय संपला.

मग बदललं काय?

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ हे प्रदूषणाचे कडक निकष लागू झाले. ते कार्ब्युरेटरला पेलणं अवघड होतं, म्हणून जवळपास सगळ्या दुचाक्यांमध्ये फ्युएल इंजेक्शन आलं. तंत्र तसं जुनंच आहे. बजाजने २००७ मध्ये पल्सर २२० इंजेक्शनसह आणली होती आणि २००९ मध्ये ती पुन्हा कार्ब्युरेटरवर नेली. बीएस-६ नंतर मात्र मागे फिरायला वाव उरला नाही.

इंजेक्शनच्या गाडीत टाकीच्या आत एक छोटा विजेचा पंप असतो. तो साधारण ३ बार दाबाने, म्हणजे बाईकच्या टायरमधल्या हवेपेक्षाही जास्त दाबाने, पेट्रोल इंजेक्टरकडे ढकलतो. बहुतेक पंपांमध्ये पेट्रोल मोटरच्या आतूनच वाहतं. तेच मोटरला थंड ठेवतं आणि तेच वंगणाचं कामही करतं.

नुकसान कुणाचं होतं?

आधी पंपाचं, इंजिनाचं नंतर. रिझर्व्हचा दिवा लागला म्हणून पंप लगेच जळत नाही. पण पेट्रोल अगदी तळाला गेलं, की पंप मधूनमधून हवा ओढायला लागतो. हवेने ना मोटर थंड होते, ना वंगण मिळतं. एकदा असं झालं तर गाडी सहसा निभावून नेते. रोज झालं तर पंपाचं आयुष्य घटतं.

चढावर हा धोका वाढतो. मार्केट यार्डातून गंगाधाम चौक ओलांडून आई माता मंदिराचा चढ लागला, की टाकीतलं थोडंथोडकं पेट्रोल मागे सरकतं. पंपाचं तोंड पुढच्या भागात असेल, तर ते उघडं पडतं. वर मागे पोतं असेल, तर इंजिनाला नेमकं तेव्हाच जास्त पेट्रोल हवं असतं. गाडी झटके देऊ लागते.

हे झटके म्हणजे मिसफायर. पेट्रोल कमी आणि हवा जास्त झाली, की मिश्रण नीट पेट घेत नाही. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडे जातं आणि तिथल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जळतं. वारंवार असं झालं, तर हा महागडा भाग अति तापून निकामी होऊ शकतो.

इथेनॉलचा काय संबंध?

आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी शोषून घेतं. टाकी जितकी रिकामी, तितकी आत दमट हवा जास्त. पावसाळ्यात गाडी बरेच दिवस अशी उभी राहिली, तर त्या ओलाव्याने टाकीला आतून गंज धरू शकतो. पाणी मर्यादेपेक्षा वाढलं, तर इथेनॉल आणि पाणी पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाशी बसतं. पंपाचं तोंडही तिथेच असतं.

दुसरी गोष्ट मायलेजची. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते. त्यामुळे ‘दिवा लागल्यावर अजून इतके किलोमीटर जाते’ हा जुना हिशेब थोडा चुकू शकतो.

‘तळातला गाळ इंजिनात जातो’ हे खरं का?

अर्धंच. पंप टाकी भरलेली असतानाही तळातूनच पेट्रोल ओढतो आणि त्याच्या तोंडाशी जाळी असते. पण पेट्रोल कमी असताना ते जास्त हिंदकळतं, बसलेला गाळ ढवळला जातो आणि जाळी लवकर तुंबते. तुंबलेल्या जाळीतून पेट्रोल ओढताना पंपावर ताण येतो.

मग काय करावं?

टाकी कायम तुडुंब हवी असं नाही. उलट तोंडापर्यंत भरणंही टाळावं, कारण वाफेला जागा लागते. पाव टाकीच्या खाली काटा जाऊ न देणं पुरेसं आहे. महिन्याचा पेट्रोलचा खर्च यामुळे वाढत नाही. एकदाच जास्त भरावं लागतं, मग रोज तेवढंच टाकायचं.

पेट्रोल संपून गाडी बंद पडलीच, तर स्टार्टर दाबत बसू नये. पंप कोरडा फिरतो आणि बॅटरीही उतरते. गाडी आडवी करून उपयोग नाही. अनेक नव्या गाड्यांमध्ये गाडी कलंडल्याचं ओळखून इंजिन बंद करणारा सेन्सर असतो. किमान एक लिटर पेट्रोल टाकावं, चावी फिरवून पंपाचा बारीक आवाज थांबेपर्यंत दोन-तीन सेकंद थांबावं, असं दोन-तीनदा करावं आणि मगच गाडी सुरू करावी.

त्यानंतरही गाडी झटके देत असेल किंवा मीटरवरचा इंजिनाचा दिवा जात नसेल, तर मेकॅनिकला दाखवणं बरं. ज्याचं पोट गाडीवर आहे, त्याच्यासाठी पंप बदलण्याच्या खर्चापेक्षा गॅरेजमध्ये गेलेला दिवस जास्त महाग असतो. मालाचं पोतं तोवर सुकत जातं.