वही कोणाची, वाचणार कोण?

थंडी पडू लागली की नंदुरबारच्या बाहेरची मोकळी रानं लाल होतात. ओली मिरची बाजारात येते, व्यापारी ती विकत घेतात आणि शहराच्या कडेला वाळत घालतात. आमच्याकडे त्याला पथारी म्हणतात. नवखा पाहुणा गाडीतून उतरतो, नाकाला रुमाल लावतो आणि म्हणतो, "अहो, इथे पाय ठेवायला जागा नाही!" जागा असते. रिकामी पडून राहण्यापेक्षा तिच्यावर मिरची वाळते आहे, इतकंच. उद्या तिथे मांडव घालायचा ठरला तर पथारी गोळा करायला कितीसा वेळ लागणार?

ही पथारी मला परवा एका लॅपटॉपवरून आठवली.

मी इथल्या एका महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवीत असे. निवृत्त झालो तरी काही मुलं येत राहतात. त्यांतला एक धडगावकडचा. आईवडील दरवर्षी ऊसतोडीला गुजरातेत जातात. दोन वर्षांपूर्वी मुकादमाकडून मिळालेल्या उचलीतले पैसे बाजूला काढून वडिलांनी त्याला जुना लॅपटॉप घेऊन दिला. विंडोज विकत घेण्याची ऐपत नाही, म्हणून वसतिगृहातल्या एका मुलाने त्यावर फुकट मिळणारी लिनक्स प्रणाली घालून दिली होती. लॅपटॉप अतिशय मंद झाला, तेव्हा तो दुरुस्तीच्या दुकानात घेऊन गेला. दुकानदाराने पडद्यावरच्या एका आकड्यावर बोट ठेवून सांगितलं, "मेमरी भरली आहे. नवी टाकावी लागेल. अडीच हजार."

पोरगा माझ्याकडे आला तो पैसे मागायला नव्हे. त्याचा प्रश्न होता, "सर, हा माणूस सांगतो ते खरं आहे की नाही, हे मला कसं कळणार?"

मला हा प्रश्न फार आवडला. तो फक्त लॅपटॉपबद्दल नव्हता, हेही लक्षात आलं.

संगणकाच्या पोटात सतत चालणारा जो मूळ कार्यक्रम असतो त्याला कर्नल म्हणतात. लष्करातला कर्नल नव्हे; हा म्हणजे बीच्या आतला गर. कोणत्या कामाला किती मेमरी द्यायची, कोणाला थांबवायचं, डिस्कवर कोणी केव्हा लिहायचं हे सगळं तो ठरवतो. अर्थात त्याच्याकडे हिशेबाची वही असते. प्रश्न असा की ती वही इतरांनी कशी पाहायची? जुन्या युनिक्समध्ये चालू कामांची यादी हवी असेल, तर यादी दाखवणाऱ्या कार्यक्रमाला थेट कर्नलच्या मेमरीत हात घालावा लागे. कारभाऱ्याच्या डोक्यात काय चाललं आहे ते कवटी उघडून पाहावं, तसला प्रकार. १९८४ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेच्या टॉम किलियन यांनी एका निबंधात वेगळीच वाट मांडली: चालू असलेलं प्रत्येक काम, म्हणजे प्रोसेस, एखाद्या फाइलसारखं दिसू द्या. साधी फाइल वाचता येणाऱ्याला कर्नलचा हिशेबही वाचता आला पाहिजे. हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स लिहायला घेतलं, आणि त्यातही लवकरच ही सोय आली. तिचं नाव 'प्रॉक'.

गंमत अशी की प्रॉकमधल्या बहुतेक फाइलींचा आकार शून्य दिसतो. डिस्कवर त्या नसतातच. तुम्ही फाइल उघडली की त्या क्षणी कर्नल आपल्या जवळचे ताजे आकडे लिहून देतो. चावडीवाचनाला तलाठ्याने सातबारा वाचून दाखवावा, पण गेल्या सालचा नव्हे, या घटकेचा, असं काहीसं.

आम्ही दोघांनी ती 'मेमइन्फो' नावाची फाइल उघडली. एकूण मेमरी सुमारे ३८ लाख किलोबाइट. 'मेमफ्री', म्हणजे अगदी मोकळी, जेमतेम दीड लाख. दुकानदाराने बोट ठेवलं ते इथे. पण पुढच्याच ओळीत 'मेमअव्हेलेबल' होतं, आणि तिथे २१ लाख! ही ओळ २०१४ साली कर्नलमध्ये घातली गेली, कारण जगभर लोक पहिला आकडा पाहून असेच घाबरत होते. रिकामी मेमरी तशीच ठेवण्यापेक्षा कर्नल तिच्यावर डिस्कवरच्या फाइलींच्या प्रती पसरून ठेवतो, पुन्हा लागल्या तर चटकन मिळाव्यात म्हणून. कोणी नव्याने मेमरी मागितली की यातल्या बऱ्याचशा प्रती गोळा करून जागा देतो. पथारीच ही!

मग लॅपटॉप मंद का? २०१८ च्या अखेरीपासून कर्नल 'प्रेशर' नावाचे आणखी तीन हिशेब देतो: कामं कशासाठी ताटकळली आहेत, मेमरीसाठी, प्रोसेसरसाठी की डिस्कसाठी. मेमरीपुढे जवळजवळ शून्य. डिस्कपुढे साठीच्या वर टक्के. कामांच्या फाइली एकेक उघडल्या, तर 'स्टेट' या शब्दापुढे बऱ्याच जणांच्या नावे 'डी' लिहिलेला, म्हणजे डिस्कची वाट पाहत झोपलेले. मेमरी धडधाकट होती. जुनी फिरती डिस्क मरणपंथाला लागली होती. अडीच हजारांची मेमरी टाकली असती तरी लॅपटॉप तितकाच रखडला असता.

दुकानदार लबाड होता असं मी म्हणणार नाही. त्याने एक ओळ वाचली, दुसरी वाचली नाही. पण ज्याच्या हातात वही तोच एकटा वाचणारा असला, की लबाडी आणि अज्ञान यांतला फरक समोरच्याला कळत नाही, आणि पैसे दोन्ही वेळा त्याचेच जातात.

वही उघडी असली म्हणजे आपोआप खरं कळतं, असंही नाही. त्या पोराने ब्राउझरच्या सगळ्या प्रोसेसांची मेमरी बेरजेला घेतली, तर ती प्रत्यक्षात वापरलेल्या मेमरीच्याही पुढे गेली. तो गोंधळला. मी विचारलं, "चार भावांच्या सातबाऱ्यावर एकच सामाईक विहीर असेल आणि तू प्रत्येकाच्या नावे एक अख्खी विहीर मोजलीस, तर गावात विहिरी किती?" तो हसला. अनेक प्रोसेस मेमरीचा काही भाग सामाईक वापरतात, आणि नेहमीचा आकडा तो प्रत्येकाच्या नावे पुरा लावतो. हिस्सेवारीने वाटून मांडलेला दुसरा आकडाही कर्नल देतो. मात्र तो 'एसमॅप्स' नावाच्या फाइलीत आहे हे माहीत असावं लागतं. शाळांतल्या संगणक कक्षांत मुलांना चित्रं रंगवायला आणि अर्ज टाइप करायला शिकवतात. यातली एक फाइल उघडून दाखवायला अर्धा तास पुरतो.

आता दुसरी बाजू. इतकं सगळं उघडं असणं बरं का? आपल्याच जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात, २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातली पहिली आधार कार्डं दिली गेली. तेव्हापासून बारा अंकी क्रमांकामागची माहिती कोणी पाहावी आणि कोणी पाहू नये, हा वाद देशभर सुरू आहे. कर्नलही प्रत्येक प्रोसेसला एक क्रमांक देतो आणि त्या क्रमांकाच्या नावाने प्रॉकमध्ये कप्पा उघडतो. प्रोसेस संपली की कप्पा जातो आणि क्रमांक पुढे दुसऱ्याला मिळतो. माणसांचं तसं नसतं. लिनक्सवर सहसा दुसऱ्याचा कार्यक्रम कोणत्या आज्ञेने सुरू झाला हे कोणालाही वाचता येतं. म्हणून शहाणी माणसं आज्ञेत पासवर्ड लिहीत नाहीत. प्रोसेसचे खाजगी तपशील मात्र फक्त तिच्या मालकाला आणि यंत्राच्या प्रमुखाला दिसतात. २०१२ मध्ये इतरांचे कप्पे पूर्ण झाकण्याची सोयही आली.

तुमच्याआमच्या खिशातल्या ॲन्ड्रॉइड फोनमध्येही हाच लिनक्स कर्नल आहे. तिथे २०१६ च्या आवृत्तीपासून एका ॲपला दुसऱ्या ॲपचे कप्पे दिसेनासे केले, आणि पुढच्या काही वर्षांत आणखी दारं लावली गेली. ते योग्यच झालं. एखाद्या फुटकळ खेळाने तुमचं बँकेचं ॲप केव्हा चालू झालं यावर पाळत का ठेवावी?

माझी तक्रार वेगळी आहे. शेजाऱ्याला दार लावताना घरमालकही बाहेर राहिला. फोन मी विकत घेतलेला, मेमरी माझ्या पैशांची, पण कोणतं काम ती खातं आहे हे पाहायचं तर बहुतेक फोनांत 'बिल्ड नंबर' या ओळीवर सात वेळा टिचक्या मारून आडदार उघडावं लागतं. सात फेऱ्या वडाला घालतात, ठाऊक होतं. त्यानंतरही सगळं पाहायचं तर फोन वायरने संगणकाला जोडा. हे ज्याला ठाऊक नाही, त्याला दुकानदार सांगेल तेच खरं. दुसऱ्याची वही मला दिसू नये, हे मान्य. माझी वही मला दाखवताना मात्र कोणी मेहेरबानीचा आव आणू नये.

लॅपटॉपमध्ये नवी डिस्क बसली. मेमरी तीच आहे. निघताना तो पोरगा म्हणाला, "मुकादमाकडे बाबांची उचल लिहिलेली असते. किती टन तोडलं, किती फिटलं, ते तोच सांगतो. आम्ही ती वही कधी पाहिलीच नाही."

यंदा दिवाळीनंतर आईवडील तोडीला निघाले, तेव्हा त्याने आईच्या पिशवीत शंभर पानी वही आणि दोन पेनं घातली. तिची शाळा चौथीपर्यंत झालेली. रोज किती मोळ्या भरल्या आणि बाजाराला किती पैसे घेतले, एवढं ती लिहिते. फोनवर तो संध्याकाळी आकडे वाचून घेतो आणि लॅपटॉपवर उतरवून ठेवतो.