गाडीचे वय, कागदाचे वय

जुनी गाडी हा आपल्याकडे गेली काही वर्षे सरकारी चिंतेचा विषय होऊन बसला आहे. २०२१च्या अर्थसंकल्पात वाहने मोडीत काढण्याच्या धोरणाची घोषणा झाली आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ते वाजतगाजत अमलात आणायला सुरुवात झाली. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या खासगी मोटारीच्या नोंदणी-नूतनीकरणाची फी ६०० रुपयांवरून ५,००० झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या हलक्या मोटारींसाठी ती १०,००० करण्यात आली. पाठोपाठ नोव्हेंबरात फिटनेस तपासणीची फीही वयाच्या टप्प्यांप्रमाणे चढवली गेली. दिल्लीत तर १ जुलै २०२५ पासून दहा वर्षांवरच्या डिझेल गाडीला पंपावर इंधनच द्यायचे नाही असा हुकूम निघाला आणि लोक खवळल्यावर चारदोन दिवसांत गुंडाळावा लागला. सर्वोच्च न्यायालयाने १२ ऑगस्टला केवळ वयाकडे बोट दाखवून कारवाई करू नका असे सांगितले. डिसेंबरात हे संरक्षण बीएस-४ आणि त्यापुढच्या गाड्यांपुरते मर्यादित केले.

या बातम्या वाचताना आपल्यासारख्या शहरी वाचकाच्या डोळ्यांपुढे सोसायटीच्या आवारात धूळ खात पडलेली मोटार येते. ती भंगारात गेली तर कुणाचे फारसे बिघडत नाही. परंतु आणखी एक जुनी गाडी आहे, तिचा विचार या चर्चेत क्वचित होतो. ती म्हणजे शेतकऱ्याची, छोट्या व्यापाऱ्याची पिकअप. महिंद्रची जीपच्या घराण्यातली पिकअप किंवा तेव्हाच्या टेल्कोची टाटामोबाइल. नव्वदच्या दशकात या गाड्यांनी महाराष्ट्रातला भाजीपाला, दूध, द्राक्षाच्या पेट्या, मंडपाचे सामान आणि लग्नाची वऱ्हाडेही वाहिली. त्यांतल्या कितीतरी अजून चालतात, याचे कारण त्यांच्या बांधणीत आहे. खाली शिडीसारखी भक्कम चेसिस, तिच्यावर वेगळी बसवलेली केबिन आणि मागे हौदा. पत्रा सडला तर तेवढाच कापून नवा जोडता येतो. पाट्याचे एखादे पान तुटले तर तेवढेच बदलता येते. इंजिनात संगणक नाही. डिझेल पंप, नोझल, लायनर, पिस्टन, सगळे हाताने उघडता येते आणि हातानेच बसवता येते.

मिरज तालुक्यातल्या माझ्या ओळखीच्या एका कुटुंबात अशीच १९९६ सालची पिकअप आहे. थोरला मुलगा आयटीआयचा डिझेल मेकॅनिकचा कोर्स केलेला. गेल्या पावसाळ्यात त्याने गाडी गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये घेतली आणि पार उघडली. तुळईला चेन-पुली बांधून इंजिन उतरवले. क्रँक घासायला आणि लायनर बसवायला तेवढा शहरातल्या वर्कशॉपात पाठवला. पंप आणि नोझल कॅलिब्रेशन करून आणले. बाकी वेल्डिंग, ब्रेकचे लायनर, वायरिंग, रंग, सगळे घरी. आईने लांबी घासायला हात लावला असे तो कौतुकाने सांगत होता. खर्च झाला तो थोडाथोडा, दुधाच्या बिलातून. आता धूर काळा येत नाही, चढावर गाडी दम टाकत नाही. पण त्याला एवढ्यावर थांबायचे नव्हते. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक, ब्रेकला बूस्टर, वडिलांचे खांदे दुखतात म्हणून पॉवर स्टिअरिंग आणि तीन ठिकाणी अडकणारे सीटबेल्ट बसवायचे त्याच्या मनात होते. ‘काका, गाडी आधीपेक्षा चांगली केली तर तो गुन्हा कसा होईल?’ हा त्याचा प्रश्न. उत्तर देण्याआधी मी कायदा काढून बसलो.

१९८८च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ असे आहे की, उत्पादकाने दिलेला आणि नोंदणीत उतरलेला तपशील बदलेल असा फेरफार मालकाने गाडीत करू नये. केरळमधल्या एका प्रकरणात जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही मर्यादा कडकपणे अधोरेखित केली. त्याच वर्षीच्या दुरुस्ती कायद्याने परवानगी नसलेल्या फेरफारासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर फेरफारामागे ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद केली. सीएनजी किंवा बॅटरीवर गाडी चालवायची तर मान्यताप्राप्त किट बसवून ते करता येते, कारण त्याचे नियम लिहिलेले आहेत. पण तीस वर्षांच्या पिकअपला चांगले ब्रेक बसवून घेण्याची अशी सोपी, लिहिलेली वाट नाही. म्हणजे मूळचे कमकुवत ब्रेक निर्धास्त चालतील. त्यांहून बरे बसवलेत तर अधिकाऱ्याच्या मर्जीवर राहा.

कायद्याच्या हेतूवर मी शंका घेत नाही. हौशी लोक जीपची चेसिस कापतात, वाटेल ते इंजिन बसवतात, कर्कश भोंगे लावतात. हरियाणातले डबवाली गाव अशा जीपगाड्यांसाठी प्रसिद्धच झाले. असल्या करामतींना लगाम हवाच. पण दिखाव्यासाठी केलेला बदल आणि सुरक्षिततेसाठी केलेली सुधारणा यांना एकाच दोरीने बांधणारा कायदा नियमाने वागू पाहणाऱ्याला घाबरवतो. न जुमानणारा तसाही जुमानत नाही.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. पंधरा वर्षे झाली की गाडी भंगारात घालावीच लागते, असे गावोगावी लोक समजून चालले आहेत. सरकारी गाड्या आणि दिल्लीचा परिसर सोडला तर तसे नाही. धोरणाचा मूळ कणा तपासणी हा आहे: जी गाडी फिटनेसच्या परीक्षेत पुन्हा नापास होते, ती आयुष्य संपलेली. हे तत्त्व अगदी योग्य आहे. अडचण अशी की तत्त्व ‘अवस्था’ पाहा म्हणते, आणि त्याच्या भोवतीचा सगळा व्यवहार मात्र ‘जन्मतारीख’ पाहतो. फी जन्मतारखेवरून. हरित कर जन्मतारखेवरून. तपासणीत उत्तम उतरणारी गाडी आणि जेमतेम उतरणारी गाडी, दोघींना भुर्दंड सारखाच.

या जन्मतारखेच्या हिशेबाशी माझा जुना परिचय आहे. तीस-पस्तीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला घसारा म्हणजे काय ते शिकवावे लागत नाही. विम्याच्या तक्त्यात नवी गाडी पहिल्या सहा महिन्यांतच पाच टक्के किंमत गमावते आणि पाचव्या वर्षी निम्म्यावर येते. त्यापुढे तक्ताच संपतो; मग मालक आणि विमा कंपनी यांनी आपसात काय ते ठरवायचे. बँकेच्या दृष्टीने कर्ज फिटले, आरसी बुकावरचा बोजा उतरला, की गाडी संपली. ग्रामीण शाखांमध्ये मी जीप आणि ट्रॅक्टरची कर्जे किती मंजूर केली ते मोजलेले नाही. गाडी दुरुस्त करायला कर्ज द्या, असा एकही अर्ज मंजूर झालेला मी पाहिला नाही. तशी योजनाच नव्हती. आपली सगळी पतव्यवस्था विकत घेणाऱ्यासाठी आहे. जपणाऱ्याने आपल्या खिशातून जपावे.

आता साधे गणित पाहा. नवी पिकअप नऊ-दहा लाखांच्या घरात जाते. त्यातले आठ लाख कर्ज, दहा टक्के व्याज आणि पाच वर्षे मुदत धरली तर महिन्याचा हप्ता सतरा हजार रुपयांचा होतो. पाच वर्षांत नुसते व्याज सव्वादोन लाखांच्या आसपास. ज्या शेतकऱ्याची गाडी आठवड्यातून तीनदा जाऊन-येऊन तीस किलोमीटर चालते, त्याच्या महिन्याला बारा खेपा होतात. डिझेलचा थेंब जाळण्याआधी दर खेपेवर चौदाशे रुपयांचा हप्ता बसला. हौद्यातल्या कोथिंबिरीला किंवा टोमॅटोला त्या दिवशी काय भाव मिळेल, हे त्याला बाजारात पोचेपर्यंत ठाऊक नसते. हप्त्याची तारीख मात्र पक्की असते. गाडी मोडीत काढल्यास जुन्याच्या बदल्यात मिळणारी रक्कम नव्या गाडीच्या किमतीच्या चार ते सहा टक्के असावी, असे धोरण सुचवते. नव्या गाडीच्या करात सवलतही मिळू शकते. ज्याला नवी घ्यायचीच होती त्याच्यासाठी हे ठीक आहे. ज्याला परवडत नाही त्याला भंगाराच्या पैशांत काय मिळणार? तो भाड्याचा टेंपो करील आणि व्यापाऱ्यासमोर भाव पाडून उभा राहील.

याची दुसरी बाजूही तितक्याच गंभीरपणे मांडली पाहिजे. जुने डिझेल इंजिन हवा बिघडवते, यात शंका नाही. बीएस-४ डिझेल मोटारीला एका किलोमीटरमागे २५ मिलिग्रॅम कण सोडायची मुभा होती; एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मध्ये ती ४.५ मिलिग्रॅमवर आली. १९९६ची पिकअप तर असल्या निकषांच्या आधीची. ती कितीही निगुतीने बांधली तरी नवीच्या पंक्तीत बसणार नाही. पीयूसीच्या यंत्रावर डिझेल गाडीच्या धुराचा फक्त दाटपणा मोजला जातो. डोळ्यांना न दिसणारे बारीक कण आणि नायट्रोजनचे ऑक्साइड त्यातून सुटतात. घरी बांधलेल्या गाडीत लांबीखाली गंज झाकलेला असतो, असेही पुष्कळदा घडते. ब्रेक निकामी झालेली पिकअप शाळेच्या फाटकासमोरून जाते तेव्हा तिच्या मालकाची गरिबी हे उत्तर होऊ शकत नाही.

पण हवेत जाणारे विष म्हणजे दर किलोमीटरचे प्रमाण गुणिले किलोमीटर. महिन्याला साडेतीनशे किलोमीटर शिवारात फिरणारी गाडी आणि शहराच्या गर्दीत रोज शंभर किलोमीटर धावणारी गाडी, यांचे वय सारखे म्हणून अपराध सारखा, हा कुठला न्याय? जुन्या डिझेलला दाट वस्तीच्या शहरात बंदी घाला. मी हात वर करून मत देईन. मात्र गावातल्या मर्यादित वापरासाठी वेगळा, कमी फीचा आणि कडक तपासणीचा वर्ग असायला काय हरकत आहे?

गंमत म्हणजे जुन्या गाडीबद्दल आदर असणारा एक नियमही आपल्याकडे आहे. २०२१ साली पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात जपलेल्या ‘व्हिंटेज’ गाड्यांसाठी स्वतंत्र नोंदणी आणि निराळी नंबरप्लेट आली. अट अशी की ती गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणायची नाही. जुन्या गाडीला मान आहे, तिने काम करायचे नाही या अटीवर.

अमेरिकेत पिकअप घरच्या गॅरेजात उघडून नव्याने बांधणे हा लाखो लोकांचा रविवारचा छंद आहे. तिकडची समृद्धी आपल्याकडे नाही; पण त्यांच्या दोन गोष्टी घेण्याजोग्या आहेत. प्रदूषणाबाबत अत्यंत कडक असलेल्या कॅलिफोर्नियात इंजिनाशी संबंधित सुट्या भागाची चाचणी घेऊन तिथले हवा मंडळ त्याला मंजुरीचा क्रमांक देते. तो क्रमांक असलेला भाग ठरलेल्या गाडीला बसवला तर ती छेडछाड ठरत नाही. दुसरी गोष्ट, मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ साली मोटार कंपन्यांना दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजांनाही देणे बंधनकारक केले. आपल्याकडे स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये सुटे भाग खुल्या बाजारात मिळू न दिल्याबद्दल चौदा मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला होता. पुढे प्रकरण अपिलांत गेले. ग्राहक मंत्रालयाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ म्हणून पोर्टल काढले. पोर्टलवर ऑइल सील मिळत नाही.

म्हणून मागणी मोठी नाही. पुण्यात एआरएआय ही संस्था १९६६ पासून आहे. गाड्या आणि त्यांचे भाग तपासणे हेच तिचे काम. जास्त संख्येने वापरात असलेल्या जुन्या पिकअपसाठी ब्रेक बूस्टर, डिस्क ब्रेक, सीटबेल्ट, दिवे आणि जमल्यास धुराची गाळणी यांचे संच तपासून मंजूर करावेत आणि ते बसवल्याची नोंद साध्या फीत आरसी बुकात व्हावी. यंत्रावर चालणारी तपासणी केंद्रे उभी राहत आहेत. ब्रेकची पकड आणि धूर तिथे माणसाच्या मर्जीविना मोजता येतो. मग फी त्या निकालावर ठरवा. उत्तम उतरली तर कमी, जेमतेम उतरली तर जास्त, नापास झाली तर खुशाल मोडीत काढा. आणि बँकांनी मान्यताप्राप्त दुरुस्तीसाठी लाख-दीड लाखाचे छोटे कर्ज द्यावे. बुडण्याचा धोका नव्या गाडीच्या कर्जाहून अधिक असेल असे मला, त्या खुर्चीत बसून आलेल्या माणसाला, वाटत नाही.

मिरजेकडच्या त्या मुलाला मी सांगितले की, डिस्क ब्रेक आणि स्टिअरिंगचे काम आरटीओची लेखी परवानगी मिळेपर्यंत करू नकोस. त्याने अर्ज केला आहे. इतकी वर्षे सरकार आयटीआयमध्ये पोरांना पैसे खर्चून डिझेल मेकॅनिक करते आहे. त्यांनी शिकलेल्या विद्येने एक गाडी आणखी दहा वर्षे नीट चालवून दाखवली, तर त्या कामाला पास म्हणायचे की नापास, हे निदान गाडी तपासून ठरावे.