डॉक्टरांना ठाऊक, आईला नाही

सातव्या महिन्यात जन्मलेलं बाळ काचेच्या पेटीत असतं. तोंडातून पोटापर्यंत गेलेल्या बारीक नळीतून दर दोन-तीन तासांनी मिलिलिटर-दोन मिलिलिटर दूध सोडायचं, एवढंच त्याचं जेवण. एखाद्या दिवशी त्याचं पोट फुगतं, नळीतून हिरवट पित्त परत येतं, शीतून रक्त पडतं. एक्स-रेत आतड्याच्या भिंतीत हवेचे बुडबुडे दिसले की दूध बंद होतं आणि सर्जनला निरोप जातो. याला नेक्रोटायझिंग एन्टेरोकोलायटिस म्हणतात, बोलण्यात एनईसी. आतड्याचा तुकडा कुजतो. आतडं कापावं लागलं, तर बाळ वाचूनही त्याचे परिणाम जन्मभर सोबत राहू शकतात.

या आजारावरून अमेरिकेत शेकडो दावे उभे आहेत. मार्च 2024मध्ये इलिनॉयमधल्या बेलव्हिलच्या ज्यूरीने एन्फामिल हा फॉर्म्युला, म्हणजे बाळांचं तयार वरचं दूध, विकणाऱ्या मीड जॉन्सनला 6 कोटी डॉलरची भरपाई ठोठावली. जुलैत सेंट लुइसच्या ज्यूरीने सिमिलॅकवाल्या अॅबटवर 49.5 कोटी डॉलर बसवले, त्यातले 40 कोटी निव्वळ दंडाचे. तक्रार एकच: गाईच्या दुधाच्या या फॉर्म्युल्याने धोका वाढतो, हे आम्हाला सांगितलं नाही.

कंपन्यांचा मोठा आधार म्हणजे अमेरिकेच्या तीन सरकारी आरोग्य संस्थांचं ऑक्टोबर 2024चं निवेदन. फॉर्म्युल्यामुळे एनईसी होतो असा निर्णायक पुरावा नाही, आईचं दूध संरक्षण देतं आणि ते न मिळणं हे खरं कारण दिसतं, असं त्यात म्हटलं आहे. शास्त्र म्हणून हे मला मान्य आहे. पण ज्या आईला विचारायला हवं होतं, तिच्या दृष्टीने यात काय बदललं? छत्री नसल्याने भिजलात की पावसाने भिजलात, हा वाद घरी आल्यावर घालायचा. बाहेर पडताना आभाळ भरलंय एवढं कुणी सांगायला नको? संशोधक लुकस आणि कोल यांनी 926 अकाली बाळांचा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये छापला तो 1990 साली. निव्वळ फॉर्म्युल्यावरच्या बाळांत हा आजार निव्वळ आईच्या दुधावरच्या बाळांपेक्षा सहा ते दहा पट जास्त आढळला होता. कारणाचा वाद चालू दे. हा आकडा डब्यावर छापायला काय हरकत होती?

दुसरा बचाव म्हणजे डॉक्टरांना हे ठाऊकच असतं, कायद्याच्या लेखी तेच जाणकार मध्यस्थ. मला तर हा बचाव कबुलीजबाबासारखा वाटतो. सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त जिचं बाळ पेटीत होतं तिला नव्हतं! दोन दिवस पंपाशी झगडून थेंबभरच दूध निघालेल्या बाईला ‘थांबू नकोस, हे थेंब औषध आहेत’ असं सांगणं आणि ‘काळजी नको, आपण वरचं दूध सुरू करू’ असं सांगणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

दावेवाल्यांचंही सगळं खरं नाही. ‘विष’ हा शब्द जाहिरातबाज वकिलांचा. ऑक्टोबर 2024मध्ये सेंट लुइसच्याच दुसऱ्या ज्यूरीने कंपन्यांच्या बाजूने कौल दिला, पुढे मार्च 2025मध्ये न्यायाधीशांनी तो खटला नव्याने चालवायला सांगितला. शिकागोच्या फेडरल कोर्टात काही दावे पुराव्याअभावी सुनावणीआधीच निकाली निघाले. अमुक बाळाचं आतडं अमुक दुधानेच गेलं हे सिद्ध करणं महाकठीण, आणि अब्जावधीच्या धाकाने उद्या हे दूध बाजारातूनच उठलं तर ज्या बाळाला दुसरं काहीच मिळत नाही त्याने काय प्यायचं? म्हणून दूध राहू दे. त्याच्यावरचा इशारा मात्र आलाच पाहिजे, आणि पहिला थेंब नळीत जाण्याआधी आईने समजून-उमजून दिलेली संमतीही.

राहता राहिला ‘पर्याय कुठाय?’ हा प्रश्न. दात्या मातांचं पाश्चराइज केलेलं दूध आईच्या दुधाची पुरती बरोबरी करत नाही, त्यात पोषकं मिसळावी लागतात, वजन जरा हळू वाढतं. तरी एनईसीचा धोका फॉर्म्युल्यापेक्षा कमी राहतो. आणि ही काही श्रीमंत देशांची चैन नाही. डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी मुंबईत शीवच्या महापालिका रुग्णालयात आशियातली पहिली मातृदूध पेढी सुरू केली ती 1989 साली, लुकस-कोल यांचा निबंध छापून येण्याच्या एक वर्ष आधी.