स्ट्यूचे पातेले आणि सीमेवरचा तपासनाका

डिसेंबरमध्ये पहाटेचा गारवा जाणवू लागला की गोव्यातील अनेक ख्रिस्ती घरांत गोमांसाचा स्ट्यू मंद आचेवर चढतो. घाईने न होणारा हा पदार्थ नाताळच्या दिवसांत पोईसोबत सावकाश खाल्ला जातो. मात्र गेल्या काही वर्षांत हे पातेले चुलीवर चढणार की नाही, हे गृहिणीपेक्षा चोर्ला आणि अनमोड घाटांतून येणारी वाहने ठरवू लागली आहेत. कारण गोव्याची गोमांसाची गरज मुख्यतः शेजारच्या कर्नाटकावर, विशेषतः बेळगाव परिसरावर, अवलंबून आहे.

या चर्चेत एक शब्दच पहिला घोटाळा करतो. ‘गोमांस’ म्हटले की मराठी मनात गाय उभी राहते. वस्तुतः गोव्यात काही अपवाद वगळता गाईच्या कत्तलीला १९७८ च्या कायद्यानेच बंदी आहे. बैल, वळू आणि म्हशी यांच्याबाबतीत १९९५ चा गोवा पशू संरक्षण कायदा लागू होतो. जे जनावर शेतीकाम, पैदास वा दूध यांसाठी उपयुक्त राहिलेले नाही, असे सक्षम अधिकाऱ्याने प्रमाणित केले असेल, त्याचीच कत्तल करता येते. म्हणजेच गोव्यात कायदेशीरपणे विकले जाणारे ‘गोमांस’ हे बहुधा निवृत्त बैलाचे किंवा म्हशीचे मांस असते.

स्ट्यूची रीतही याच वस्तुस्थितीशी जुळणारी आहे. आयुष्यभर राबलेल्या जनावराचे मांस, त्यातही पायाचे आणि मानेचे, चिवट असते. त्यातील कोलॅजन हे बळकट प्रथिन मंद उष्णतेत दोन-तीन तास राहिल्यावर हळूहळू विरघळते आणि रश्श्याला दाटपणा देते. म्हणून तुकडे आधी थोड्या तेलात तांबूस परततात. मग कांदा, आले, लसूण, मिरी, दालचिनी, लवंग आणि चमचाभर माडाचे व्हिनेगर घालून, पाणी ओतून झाकण ठेवतात. रस्सा खळखळू द्यायचा नसतो, कारण जोराच्या उकळीने तंतू आवळतात आणि मांस कोरडे पडते. बटाटे आणि गाजर शेवटच्या अर्ध्या तासात पडतात, नाहीतर ते गळून जातात. स्वस्त आणि कठीण मांस चविष्ट करणारी ही पाककला मुळात काटकसरीची आहे.

ही काटकसर अडचणीत आली ती कर्नाटकाच्या नव्या कायद्यामुळे. २०२० च्या डिसेंबरमध्ये तेथील विधानसभेने गोहत्या प्रतिबंधक विधेयक संमत केले, जानेवारी २०२१ मध्ये अध्यादेशाद्वारे ते अमलात आले आणि फेब्रुवारीत विधान परिषदेचीही मंजुरी मिळाली. त्यानुसार १३ वर्षांहून अधिक वयाच्या म्हशी-रेड्यांखेरीज अन्य गोवंशाच्या कत्तलीवर बंदी आली. उल्लंघनासाठी तीन ते सात वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे. त्याच्याही आधी, मार्च २०१५ मध्ये, महाराष्ट्रात बैल आणि वळूंच्या कत्तलीवर बंदी लागू झाली होती. गोव्याच्या दोन्ही शेजाऱ्यांचे दरवाजे अशा रीतीने अरुंद झाले.

गोवा सरकारची भूमिका मात्र सातत्याने पुरवठा चालू ठेवण्याची राहिली आहे. २०१७ मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांनी टंचाई होऊ नये म्हणून बेळगावहून मांस आणण्याचा पर्याय खुला असल्याचे विधानसभेत सांगितले. २०२१ मध्ये मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांनीही, आपण स्वतः गाईला पूज्य मानत असलो तरी राज्यातील अल्पसंख्याकांची जबाबदारी आपल्यावर आहे, अशा आशयाचे निवेदन केले. २०११ च्या जनगणनेनुसार गोव्याच्या लोकसंख्येत ख्रिस्ती सुमारे २५ टक्के आणि मुस्लिम आठ टक्क्यांहून अधिक आहेत. त्यामुळे या भूमिकेमागे राजकीय वास्तवाचे भानही आहे.

तथापि निवेदन आणि व्यवहार यांत अंतर पडते. जानेवारी २०१८ मध्ये स्वयंघोषित गोरक्षकांच्या त्रासाची तक्रार करत व्यापाऱ्यांनी कर्नाटकातून मांस आणणे थांबवले आणि चार दिवस बाजार ओस पडले. डिसेंबर २०२४ मध्ये, नाताळ तोंडावर असताना, मडगावच्या बाजारात गोरक्षक आणि विक्रेते यांच्यात संघर्ष उडाला आणि राज्यभरातील विक्रेत्यांनी निषेधार्थ दुकाने बंद ठेवली. कागदपत्रे तपासण्याचा अधिकार पोलीस आणि पशुसंवर्धन खात्याचा आहे. तो जमावाच्या हाती गेला की कायदेशीर माल आणि चोरटा माल यांतील फरकच पुसला जातो. याचा लाभ चोरट्या मालालाच होतो.

याची दुसरी बाजू शेतकऱ्याच्या गोठ्यात आहे. औताला निरुपयोगी झालेला बैल विकून आलेल्या पैशात नव्या जनावराची भर घालणे, हा बेळगाव-खानापूरसारख्या भागांतील शेतीचा जुना हिशेब. विक्री थांबली की चाऱ्याचा बोजा त्याच्यावर पडतो किंवा जनावर मोकाट सोडले जाते. ज्या श्रद्धेने बंदीची मागणी होते, त्या श्रद्धेलाही रस्त्यावर प्लॅस्टिक चघळणारे जनावर शोभणारे नाही.

गाईला पूज्य मानणाऱ्यांच्या भावनेचा मान १९७८ च्या कायद्यात राखलेला आहेच. प्रश्न आहे तो १९९५ च्या कायद्याने दिलेली मुभा प्रत्यक्षात टिकवण्याचा. उसगाव येथील गोवा मांस प्रकल्प नियमित आणि स्वच्छ चालावा, प्रत्येक खेपेसोबतचे प्रमाणपत्र सीमेवरच तपासले जावे आणि तपासणीनंतर वाहन अडवणाऱ्यावर तत्काळ गुन्हा नोंदवला जावा. यासाठी नवा कायदा लागत नाही. दरवर्षी नाताळच्या आठवड्यात आश्वासन देण्याऐवजी वर्षभर अंमलबजावणी लागते. सरकारला ही मुभा मान्य नसेल, तर तसे विधानसभेत स्पष्ट सांगून त्याची राजकीय किंमत मोजण्याची तयारी त्याने ठेवावी. कायद्याने परवानगी द्यायची आणि रस्त्यावर ती हिरावली जाताना पाहत राहायचे, हा मार्ग मात्र गोव्यासारख्या सलोख्याचा अभिमान बाळगणाऱ्या राज्याला परवडणारा नाही.