कुलाबा मतदारसंघ : मोडलेली सीमा, न सुटलेला प्रश्न

१९८१ साली कुलाबा जिल्ह्याचे रायगड असे नामांतर झाले. लोकसभेचा मतदारसंघ मात्र त्यानंतरही कुलाबा याच नावाने ओळखला जात राहिला. २००८ च्या पुनर्रचनेत तेही नाव पुसले गेले. नाव गेल्याचा शोक करण्याचे कारण नाही. परंतु त्या नावाबरोबर शेतकऱ्यांच्या राजकारणाचा एक सलग प्रदेशही मोडला गेला, आणि त्याचा विचार कार्यकर्त्यांनी केलाच पाहिजे.

१९५२ मध्ये या मतदारसंघाने चिंतामणराव देशमुखांना निवडून दिले. मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये त्यांनी अर्थमंत्रिपद सोडले आणि १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत शेतकरी कामगार पक्षाचे राजाराम राऊत विजयी झाले. पुढे याच पक्षातर्फे १९७७ व १९८४ मध्ये दि. बा. पाटील, तर १९९८ व १९९९ मध्ये रामशेठ ठाकूर लोकसभेत गेले. काँग्रेसचे बॅ. अंतुलेही येथून चार वेळा निवडून आले. तेव्हा कुलाबा हा डाव्यांचा अभेद्य किल्ला होता, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. मात्र डाव्या विचाराचा पराभूत झालेला उमेदवारही येथे नगण्य नसे, आणि याचे मूळ जमिनीत होते.

अलिबागजवळच्या चरी गावी १९३३ पासून १९३९ पर्यंत नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांविरुद्ध संप चालविला. जमिनी पडीक राहिल्या, कुळांची उपासमार झाली, पण संप मोडला नाही. डॉ. आंबेडकरांनी या लढ्याला पाठिंबा दिला आणि १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोतीविरोधी विधेयक मांडले. पुढे कूळकायद्याने कसणाऱ्यास जमीन मिळाली. पण १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाल्यावर पनवेल-उरणच्या शेतकऱ्याची तीच जमीन नव्या शहरासाठी संपादित होऊ लागली. खोत खंड घेई. येथे तर जमीनच गेली आणि तिच्या वाढत्या मोलातला वाटा मूळ मालकाला नाकारला गेला. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात या अन्यायाविरुद्ध उभ्या राहिलेल्या पाच शेतकऱ्यांचा पोलिसांच्या गोळीबारात बळी गेला. त्याच वर्षअखेरीस देशभर काँग्रेसची प्रचंड लाट असताना कुलाब्याने दि. बां.ना लोकसभेत पाठविले. विकसित जमिनीचा साडेबारा टक्के हिस्सा प्रकल्पग्रस्तांना देण्याचे तत्त्व शासनाला पुढे मान्य करावे लागले, ते या बळावर.

२००८ मध्ये पनवेल, उरण व कर्जत हे विधानसभा मतदारसंघ घाटापलीकडील मावळ, पिंपरी व चिंचवडला जोडले गेले. अलिबाग, पेण, श्रीवर्धन व महाड यांना रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली व गुहागर जोडून 'रायगड' मतदारसंघ तयार झाला. लोकसंख्येची समानता हे तत्त्व योग्यच आहे. प्रत्येक मताचे मोल सारखे असले पाहिजे. परंतु भौगोलिक रचना, प्रशासकीय सीमा व दळणवळण यांचाही विचार करावा, असे तोच कायदा सांगतो. सह्याद्रीची भिंत ओलांडून जोडलेल्या मतदारसंघात हा विचार कोठे दिसतो? २००९ पासून झालेल्या चारही सार्वत्रिक निवडणुकांत मावळचा खासदार घाटावरचाच झाला. यात व्यक्तींचा दोष नाही. बेरीजच तशी मांडली गेली आहे. उरणच्या बंदरग्रस्ताचे दुःख पिंपरीच्या कारखान्यातील कामगाराला आपोआप कसे कळावे?

पुनर्रचना आयोगाच्या आदेशाला न्यायालयात आव्हान देण्यास घटनेनेच मर्यादा घातली आहे. म्हणून जे बोलायचे ते आदेश निघण्यापूर्वी, हरकतींच्या मुदतीत आणि जाहीर सुनावणीत बोलावे लागते. राज्यांच्या जागांची संख्या घटनादुरुस्तीने २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठविण्यात आली होती. पुढील पुनर्रचनेच्या वेळी गावोगावचे ठराव, नकाशे आणि लोकसंख्येचे आकडे तयार ठेवणे हे आपले काम आहे.

तोवर आपली संघटना मतदारसंघाच्या सीमेवर थांबता कामा नये. चरीच्या कुळांपाशी मतदारसंघ नव्हता आणि त्यांतील बहुतेकांना मताचा अधिकारही नव्हता. एकजूट मात्र होती. उरणचा प्रकल्पग्रस्त, पेणचा शेतकरी आणि पिंपरीचा कंत्राटी कामगार यांना एका मागणीपत्रावर आणता आले, तर सरकारने आखलेली रेघही आपल्या उपयोगी पडेल.